मूठभर भाताचा खेळ

भावाने पुण्याहून ते खोकं आणलं तेव्हा आमच्या घरात वीज होती ती फक्त दिव्यांपुरती. पंखा नव्हता, इस्त्री नव्हती, रेडिओसुद्धा सेलवर चालायचा. आणि हा शहाणा घेऊन आला काय, तर टीव्हीवर खेळायचं यंत्र. मी चुलीपुढे बसले होते. थापलेली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली आणि मी त्याच्याकडे बघतच बसले. माणूस शहरातून घरी येतो तेव्हा आईला लुगडं आणतो, निदान साखर तरी आणतो. यानं आणलं होतं एक काळं पसरट खोकं. त्याला रेडिओला असतात तशी दोन गोल बटणं आणि मागे लोंबणारी वायर.

आमची वस्ती घोटावड्याच्या अलीकडे, भातखाचरांच्या मध्ये. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. पुण्यात एका दुकानात तो रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायला शिकला होता. मालकाने म्हातारपणामुळे दुकान बंद केलं आणि भाऊ घरी परतला. येताना त्याने दुकानात धूळ खात पडलेला एक काळा-पांढरा टीव्ही आणि हे यंत्र अगदी स्वस्तात उचललं. कुणा गिऱ्हाइकाच्या परदेशातल्या नातेवाइकाने ते पाठवलं होतं. पुढे त्या घरात रंगीत खेळ आला आणि हे दुरुस्तीला म्हणून आलं ते कुणी परत न्यायलाच आलं नाही.

संध्याकाळी त्याने ओसरीवर टीव्ही मांडला, वायर जोडली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या उभ्या राहिल्या, एक इकडे, एक तिकडे. मधून एक ठिपका जायला लागला. काठीला लागला की टुक, भिंतीला लागला की टुक. गोल बटण फिरवलं की काठी वरखाली होई. झालं, एवढाच खेळ. पण घरात बसून मी बटण फिरवते आणि तिकडे टीव्हीतली काठी हलते, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. टीव्ही म्हणजे बघायची गोष्ट. तो आपलं ऐकतो, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

आबा, म्हणजे आमचे वडील, अंगणात पाय धूत होते. ते ओसरीवर आले, पडद्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"ह्ये काय खातंय?"

"वीज, आबा. थोडीच."

"आन् देतंय काय?"

भाऊ म्हणाला, "गावात कुनाकडं न्हाई ह्ये. लोक पैसं दिऊन खेळत्याल. पुण्यात खेळत्यात. त्याच्यावरच दुरुस्तीचं दुकान बी हुभं करतो हितं."

आबांनी टॉवेलने पाय पुसले. त्यांना ओरडायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागायचं. म्हणाले, "राब पेरायच्या आत ह्येनं सोताचं पोट भरलं तर ऱ्हाऊ दे. घराला भार झालं तर ह्ये उकिरड्यावर आन् तू मामाकडं. तितं कारखान्यात तुला चिकटवतो म्हणलाय त्यो."

राब पेरायचा तो पावसाच्या तोंडावर; तेव्हा सुगी नुकतीच आटोपली होती, म्हणजे मध्ये पाच-सहा महिने होते. मामा मुंबईच्या पुढे कुठे तरी राहायचा. तिकडे गेलेला माणूस गणपतीला येतो आणि विसर्जन झालं की जातो. आईचा चेहरा तेव्हाच उतरला. मलाही तो जायला नको होता, कारण भाऊ पुण्याला असताना हे घर कसं मुकं झालं होतं ते मी पाहिलं होतं. आबा बोलत नाहीत, आई आबांच्या धाकाने बोलत नाही, आणि मी एकटी किती बडबडणार? तेव्हा त्या खोक्याचं पोट भरणं ही माझीही गरज होऊन बसली.

पहिला आठवडा जत्रेसारखा गेला. भावाने पुण्यासारखाच एका खेळाला एक रुपया लावला होता. लोक यायचे, ओसरीखाली उभे राहून बघायचे, तोंडात बोट घालायचे. खेळायचे मात्र मोजके. मग एक टेंपोवाला आला. तो मंडईत भाजी घेऊन जायचा. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि फसकन हसला.

"आरं, ह्ये जुनं हाय. पुण्यात आता रंगीत आलंय. माणसं पळत्यात त्याच्यात, उड्या मारत्यात. हितं काय, दोन काठ्या आन् एक ठिपका."

एवढं बोलून तो गेला आणि आमची ओसरी रिकामी करून गेला. कालपर्यंत ज्यांनी पुण्यातलं कुठलंच यंत्र पाहिलं नव्हतं, तेही नाक मुरडून म्हणायला लागले की हे जुनं हाय. मला इतका राग आला! भावाने दर आठ आण्यांवर आणला, मग चार आण्यांवर. तरी कुणी फिरकेना. आणि खरं सांगायचं तर चार आणे तरी कुणाच्या हातात होते? पोरांच्या हातात पैसा नसायचा, बायकांच्या तर नाहीच नाही. पैसा असायचा तो पुरुषांच्या बंडीच्या खिशात, आणि पुरुषांना दोन काठ्यांची लाज वाटायची.

एका सकाळी दारात गोसावी आला. आई बोलता बोलता उठली, कणगीत हात घातला, मूठभर भात त्याच्या झोळीत टाकलं आणि बोलणं होतं तिथून पुढे चालू केलं. आमच्याकडे साळीला भातच म्हणतात, सालीसकटचं भात. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. तो एकदम ताठ झाला.

"आई, आत्ता तू काय दिलंस?"

"काय दिलं? काय न्हाई. मूठभर भात."

"काय न्हाई म्हणलीस न्हवं?"

"आरं मूठ म्हंजी काय देनं असतंय व्हय?"

भाऊ उठला आणि थेट बाहेर गेला. दुपारपर्यंत वस्तीभर झालं होतं की एक खेळ, एक मूठ भात. ज्याची त्याची स्वतःची मूठ.

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाही तर मीच विश्वास ठेवला नसता. शाळा सुटली की पोरं मुठी आवळून धावत यायची. ओसरीवर एक टोपलं ठेवलेलं असे, त्यात भात पडायचं आणि टुकटुक सुरू व्हायची. तालमीत जाणारा एक दांडगा गडी होता, त्याची मूठ म्हणजे अर्धं मापटं. तो आपल्या चिमुरड्या लेकीला खांद्यावर बसवून आणायचा, तिच्या मुठीने दाम द्यायचा आणि खेळायचा स्वतः. भावाने त्यालाही हसून बसू दिलं. नदीवरून धुणं घेऊन येणाऱ्या बायका धुण्याची पाटी अंगणात उतरवून ओसरीच्या कडेला टेकायला लागल्या. पलीकडच्या बौद्धवस्तीतल्या एक मावशी आमच्या खाचरात लावणीला यायच्या. नवरा नसलेली बाई, स्वतःचा जमिनीचा एवढासा तुकडा आणि पदरात दोन पोरं. त्यांनी एकदा पदराची गाठ सोडून मूठभर भात टोपल्यात टाकलं आणि माझ्या आईला म्हणाल्या, "बसा की वैनी समोर. मला काय भिताडाशी खेळायचं हाय?"

माझी आई! जी आबांसमोर कधी पाटावर बसली नाही ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली. पदर खोचला, बटण हातात घेतलं आणि ओरडली, "माझी काठी कुटली? ह्ये कोन हालतंय?" पहिल्या खेळात ती हरली. दुसऱ्यात मावशींचा ठिपका तिने असा काही परतवला की मावशी हातातलं बटण सोडून टाळ्या वाजवायला लागल्या. मी दाराच्या चौकटीत उभी होते. आईला एवढ्या मोठ्याने हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि हे सोळा-सतरा वर्षांत आपल्याला कळलं नव्हतं याचा धक्का जास्त मोठा होता.

आबा मात्र ओसरीवर यायचे नाहीत. अंगणात, पडद्याकडे पाठ करून, तंबाखू मळत बसायचे. कुणी हरलं की यंत्रातून एक बसका आवाज यायचा. तो आला की त्यांची मान किंचित हलायची. एवढंच.

मग बातमी आली की पिरंगुटच्या बाजूला रस्त्यावरच्या एका हॉटेलात रंगीत यंत्र बसवलंय. झालं, मी म्हटलं, आपलं संपलं. आमची सगळी पोरं एका रविवारी चालत जाऊन ते बघून आली. येताना त्यांचे डोळे विस्फारलेले. लाल माणूस, निळं आभाळ, उड्या, गाणं! भावाने ऐकून घेतलं आणि आपलं यंत्र फडक्याने पुसत बसला.  पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि तीच पोरं मुठी आवळून आमच्या ओसरीवर हजर. रंगीत यंत्राला रुपया लागत होता. तिथे बघायचं, आणि खेळायचं इथे, असा त्यांनी सरळ हिशोब लावला होता. जे खोकं पुण्याने टाकून दिलं, टेंपोवाल्याने ज्याची टर उडवली, ते आमच्याकडे म्हातारपणी बाळसं धरत होतं. केवळ दाम एवढा कमी होता की तो दाम आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. भावाच्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटायचं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचे. कासार आंबोलीला आईच्या बहिणीकडे गेले तर तिथेही हेच पुराण.

टोपल्यातलं भात भाऊ रोज पोत्यात ओतायचा. होळीपर्यंत एक पोतं भरलं, पाडव्यानंतर दुसरं भरत आलं. उन्हाळा सरताना भात कांडून तांदूळ हॉटेलवाल्यांना विकायचा, विजेचं बिल भरायचं, उरेल त्यातून दुरुस्तीची हत्यारं आणायची, असा त्याचा बेत होता. आबांची अट राब पेरायच्या आतली होती. भाऊ तर निम्म्यातच जिंकला होता. आईने मामाला निरोपही धाडला की पोरगं येत न्हाई, वाट बघू नगा.

राब म्हणजे भाताचं रोप जिथे आधी तयार करतात तो वाफा. शेण, पालापाचोळा पसरून तो भाजायचा आणि पावसाच्या तोंडावर त्यात बियाणं पेरायचं. वैशाख सरत आला तसे सगळ्यांचे राब भाजून झाले. आता लोक बियाणं उन्हात घालायला काढणार होते.

पहिल्यांदा मावशी आल्या. अंगणात उभ्या राहिल्या, वर आल्या नाहीत. त्यांच्या हातात बियाण्याचं पोतं होतं आणि ते एखाद्या धुतलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. 

"वैनी, बियानं न्हाई. निम्मं बी न्हाई ऱ्हायलं. उंदरानं खाल्लं म्हनावं तर पोतं कुटं कुरतडलेलं न्हाई."

 एवढ्यात पलीकडच्या आळीतून एक जण आला, मग तो तालमीतला गडी आला. सगळ्यांची तीच कथा. कुणाचं थोडं कमी, कुणाचं जास्त. अंगण भरलं आणि मग पोरांना कान धरून पुढे आणलं गेलं. मावशींचा मोठा पोरगा रडत रडत म्हणाला, "कणगीत हात पुरत न्हवता. खाली गेलं हुतं भात."

आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण ते इतकं साधं होतं! सुगीत कणगी काठोकाठ असते, पोराचा हात सहज पोचतो. खाऊन खाऊन भात तळाला जातं. माणसाच्या छातीएवढी उंच कणगी, तिच्या तळापर्यंत पोरांचा हात कसा पोचणार? बियाण्याचं पोतं मात्र कोपऱ्यात जमिनीवर, तोंड हाताशी. एक मूठ. मूठ म्हणजे काय देणं असतं? आणि नुसती पोरंच नव्हती. त्या गर्दीत दोन-तीन बायका माना खाली घालून उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून मला कळायचं ते कळलं. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण काढली ती एकच मूठ.

भाऊ पांढराफटक पडला होता, पण त्याने धीर सोडला नाही. आत गेला, दोन्ही पोती ओढत अंगणात आणली आणि तोंडं सोडली.

"समदं हाय ह्याच्यात. म्या एक दाना बी इकला न्हाई. ज्याचं जेवडं कमी पडलंय तेवडं न्या. खेळ फुकाट झाला म्हना."

मला वाटलं, सुटलो. मी खरंच श्वास सोडला. मावशी पुढे झाल्या, पोत्यात हात घातला, ओंजळ वर काढली आणि तशाच थांबल्या. मग तालमीतल्या गड्याने बघितलं. मग सगळेच वाकून बघायला लागले.

ओंजळीत लाल सालीचं भात होतं, पिवळं होतं, काळसर कुसळाचं होतं. आंबेमोहोराचा बारीक दाणा होता आणि त्याच्या शेजारी जाडाभरडा. घराघरातलं वेगवेगळं भात, मुठीमुठीने एकत्र झालेलं. त्यातलं हळवं दसऱ्याआधी पिकणार, निमगरवं दिवाळीच्या आसपास आणि गरवं त्याच्याही नंतर. एकाच वाफ्यात ते पेरलं तर एक पिकून गळून जाईल तेव्हा दुसरं हिरवं असेल. खायला ते सोन्यासारखं होतं. बियाणं म्हणून त्याची किंमत शून्य.

हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि भाताच्या कुशीत जन्मलेला माझा भाऊ रोज आपल्या हाताने ते पोत्यात ओतत होता! मीही तिथेच उभी असायची. आईही असायची. एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आम्ही त्याला भात म्हणून बघतच नव्हतो, दाम म्हणून बघत होतो. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

"आता काय पेरू मी?" मावशी म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो प्रश्न खरोखर विचारला होता. बाजारातून बियाणं आणायचं तर तिथे आता चांगलं उरलेलं नव्हतं, आणि जे होतं ते घ्यायची त्यांची ऐपत नव्हती.

भाऊ पोत्यांशेजारी खाली बसला. म्हणाला, "यंत्र इकतो. उद्याच इकतो." तालमीतला गडी म्हणाला, "कोन घेनार ते? पुण्यानंच टाकल्यालं." त्यात कुचेष्टा नव्हती, पण भावाचा चेहरा बघवेना.

आबा तोवर अंगणाच्या कडेला उभे होते. ते घरात गेले. मला वाटलं, आता खोकं बाहेर भिरकावतील. आईलाही तेच वाटलं असणार, कारण ती दाराकडे धावली. आबा बाहेर आले ते आमच्या बियाण्याचं पोतं पाठीवर घेऊन. निवडलेलं, उन्हं दिलेलं, दाणा न् दाणा सारखा असा आंबेमोहोर. त्याच्यावर आबांचा जीव होता. आम्हा पोरांना त्या पोत्याला हात लावायचीही मुभा नव्हती. त्यांनी ते मावशींच्या पायाशी उतरवलं.

"तुमचं कमी पडलंय तेवडं आधी घ्या. मग बाकीच्यांनी घ्या."

मावशी मागे सरल्या. "आन् तुमी वो? तुमी काय पेरनार?"

आबांनी भावाच्या पोत्याकडे बोट दाखवलं. "ह्ये."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं चकित झालेली पाहिली आहेत. तसं अंगण मात्र पुन्हा पाहिलं नाही. तालमीतल्या गड्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. आईने दाराची चौकट धरली. एक म्हातारबा पुढे होऊन म्हणाले, "आरं, येडा का खुळा तू? हसत्याल लोक. काय हाताला लागायचं न्हाई." आबा म्हणाले, "लागंल तेवडं लागंल. माज्या घरात गोळा झालंय, माज्याच वावरात जाऊ दे."

त्या रात्री भावाने ट्रंक काढली. कपडे भरायला लागला. खोक्याने घराला भार दिला होता, अट मोडली होती, आता मामाकडे. आई रडायला लागली. आबांनी जेवता जेवता एकदाच वर बघितलं.

"पेरनार कोन?"

"तुमी," भाऊ म्हणाला.

"न्हाई. तू पेरनार आन् तूच कापनार. हळवं, निमगरवं, गरवं, समदं. मग जा कुटं जायचं ते."

भावाने यंत्रावर एक गोणपाट टाकलं आणि ट्रंक तशीच भरलेली कोपऱ्यात राहिली. तो पावसाळा मी त्या ट्रंकेकडे बघत काढला.

लावणी झाली, भात उठलं आणि भादव्यात जे दिसलं ते बघायला पार सूसपासून माणसं आली. मी अतिशयोक्ती करत नाही. वस्तीभर सगळ्यांच्या खाचरांत आबांच्या आंबेमोहोराचा वास सुटला होता, आणि आमच्या वावरात गावातली सगळी भातं उभी होती. कुठे उंच, कुठे बुटकं, कुठे लाल कुसळं, कुठे नुकती पोटरी, म्हणजे लोंबी अजून पोटातच. एखाद्या लहान पोराने केस कापल्यासारखं आमचं शेत दिसायचं. येणारे हसायचे. आबा बांधावर उभे राहून त्यांना ते दाखवायचे, ह्ये आमक्याचं, ह्ये तमक्याचं. भाऊ मात्र कुणी आलं की पाठ फिरवायचा.

दसऱ्याआधी हळवं पिकलं आणि भाऊ विळा घेऊन उतरला. चूड, म्हणजे रोपांचा झुबका, धरून सपासप कापायची सोयच नव्हती. पिकलेली लोंबी शोधायची, तेवढीच कापायची, बाजूची हिरवी सांभाळायची. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याला कमरेतून सरळ उभं राहता येईना. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर उतरले. तिसऱ्या दिवशी वर बघितलं तर बांधावर मावशी आणि त्यांची दोन्ही पोरं. पाठोपाठ इतर घरची माणसं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मावशी पाण्यात उतरत म्हणाल्या, "ती लाल लोंबी आमच्या घरची हाय. मला लांबनं बी वळखू येती." आणि ज्याने त्याने आपापल्या घरचं भात हुडकून कापलं आणि आमच्या खळ्यावर आणून टाकलं. भाऊ चिखलात उभा राहून हुंदके देत होता. मी त्याला ढोसलं, म्हटलं, आरं काप की, मागनं रड.

पुष्कळ गळून गेलं, पुष्कळ पाखरांनी खाल्लं. दर वर्षाच्या मानाने फारच कमी हाताला लागलं. दिवाळी होऊन गेल्यावर शेवटचं गरवं कापलं आणि त्याच दुपारी भावाने ट्रंक उचलून ओसरीवर आणून ठेवली. पौडच्या रस्त्याला जाऊन एसटी धरायची, असं त्याने आईला सांगितलं. आईने भाकरी बांधून दिली. ती आता रडतही नव्हती. मी भांडायला तोंड उघडलं, पण काय बोलायचं तेच सुचेना, आणि मला न सुचणं ही आमच्या घरातली नवलाईच होती.

आबा अंगणात नेहमीच्या जागी बसले होते. ते उठले, ओसरीवर चढले. ज्या ओसरीवर पहिल्या दिवसानंतर खेळाच्या वेळी ते कधी आले नव्हते, तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने गोणपाट बाजूला केलं. उजवी मूठ आवळलेली होती. टोपलं कुठंय म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ते मी धावत जाऊन आणून दिलं. त्यांनी मूठ उघडली.

भात नव्हतं. तांदूळ होता. त्याच वावरातला, नवा, आईने उखळात कांडलेला. त्यात लाल दाणा होता, पांढरा होता, बारीक होता, जाड होता.

"दाम ह्योच ऱ्हाऊ दे," आबा भावाला म्हणाले. "मूठ ती मूठ. पर इथनं फुडं तांदूळ घ्यायचा. कांडल्यालं कुनी पेरत न्हाई."

 भाऊ म्हणाला, "आबा, तुमाला येतंय का खेळाया?"

"आवाज ऐकल्यात की समदा उन्हाळा. लाव."

भावाने वायर जोडली. बटण दाबलं आणि त्या काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या उभ्या राहिल्या. आबांनी मांडी घातली, दुसरं बटण भावाने धरलं. गोल बटण त्यांनी असं धरलं, जणू ते तुटेल. ठिपका आला, काठीच्या खालून निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. आबा एकही ठिपका अडवू शकले नाहीत. शेवटी तो बसका आवाज आला आणि त्यांची मान किंचित हलली. मी हसू की रडू अशी झाले होते.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. ओसरीवरची ट्रंक त्यांनी पायाने भिंतीकडे सरकवली, आणि भावाकडे न बघता म्हणाले, "उंद्या परत येतो मी. कुटं जाऊ नगंस."